कल्याणचा प्रेषित : संत बार्थोलोम्यूची आख्यायिका आणि कोकणातील आरंभीचे ख्रिस्ती

भारतात ख्रिस्ती धर्म केव्हा आला, असे वर्गात विचारले की दोन उत्तरे हमखास येतात. केरळचे विद्यार्थी संत थॉमसचे नाव घेतात; बाकीचे वास्को द गामा म्हणतात. आमचे कॉलेज दिल्लीजवळचे. इंजिनिअरिंगचे विद्यार्थी इतिहासाचा हा ऐच्छिक पेपर बहुधा श्रेयांकांसाठी घेतात, आणि ते देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतून आलेले असतात. त्यांच्यात एखादा वसईचा किंवा ठाण्याचा निघाला तर तिसरे उत्तर येते : ‘आमच्याकडे सांगतात की बार्थोलोम्यू कल्याणला आला होता.’ यावर वर्ग हसतो. कल्याण म्हणजे लोकल गाड्यांचे जंक्शन. तिथे येशूचा शिष्य कसा येईल?

हसण्यासारखे त्यात काही नाही. हा दावा खरा की खोटा हे एका वाक्यात सांगता येत नाही, आणि तो तपासताना प्राचीन इतिहासाची साधने कशी वाचायची याचा चांगला सराव होतो. आणखी एक गोष्ट आहे. मुंबई-ठाणे-वसई पट्ट्यातील ईस्ट इंडियन आणि वसईच्या ख्रिस्ती समाजाला ‘तुम्ही पोर्तुगीजांनी बाटवलेले’ हे वाक्य पिढ्यान् पिढ्या ऐकावे लागले आहे. पहिल्या शतकातील प्रेषित आपल्या गावात येऊन गेला, ही गोष्ट त्या वाक्याला दिलेले उत्तर आहे. म्हणून ती तपासताना जरा जपून चालावे लागते.

बार्थोलोम्यू कोण होता

नव्या करारात त्याच्याविषयी जवळजवळ काहीच नाही. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत आणि प्रेषितांच्या कृत्यांत बारा शिष्यांच्या याद्या आहेत. त्यांत त्याचे नाव येते आणि तेवढेच. मराठी बायबलात ते ‘बर्थलमय’ असे आहे. अरामी भाषेत ‘बार तल्मय’ म्हणजे तल्मयाचा मुलगा. म्हणजे हे वडिलांवरून पडलेले नाव झाले. त्याचे स्वतःचे नाव नथनेल असावे, असे परंपरा मानते, कारण योहानाच्या शुभवर्तमानात नथनेल भेटतो आणि बर्थलमय नाही.

ज्याचे चरित्र कोरे असते त्याची आख्यायिका पसरायला जागा मिळते. बार्थोलोम्यूच्या नावावर भारत, आर्मेनिया, मेसोपोटेमिया, दक्षिण अरबस्तान असे अनेक देश लागले. जिवंतपणी त्याची कातडी सोलली, अशी कथा रूढ झाल्याने तो कातडे कमावणाऱ्यांचा संरक्षक संत ठरला. रोममधील सिस्टिन चॅपेलच्या भिंतीवर मायकेलअँजेलोने त्याला स्वतःचीच कातडी हातात धरून बसवले आहे. त्या लोंबत्या कातडीवरचा चेहरा चित्रकाराचा स्वतःचा आहे, असे मानले जाते. त्याचा सण २४ ऑगस्टला असतो.

अलेक्झांड्रियाहून आलेली बातमी

बार्थोलोम्यूला भारताशी जोडणारा सर्वांत जुना उपलब्ध उल्लेख चौथ्या शतकाच्या आरंभीचा आहे. कैसरियाचा बिशप युसेबिअस याने चर्चच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात पँटेनस नावाच्या विद्वानाची हकिकत दिली आहे. पँटेनस हा अलेक्झांड्रियातील धर्मशिक्षणाच्या शाळेचा प्रमुख होता. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तो भारतापर्यंत गेला. तिथे त्याला ख्रिस्ताला मानणारी काही माणसे भेटली. त्यांच्याजवळ हिब्रू लिपीतील मत्तयाचे शुभवर्तमान होते, आणि ते बार्थोलोम्यूने ठेवून दिले होते. सुमारे पाऊणशे वर्षांनी जेरोमने यात भर घातली : पँटेनस भारतीयांच्या विनंतीवरून गेला होता आणि तो ग्रंथ त्याने अलेक्झांड्रियाला परत आणला. दुसऱ्या एका पत्रात तर जेरोम त्याला ब्राह्मणांमध्ये उपदेश करायला पाठवतो.

इथे थांबून अंतर मोजा. बार्थोलोम्यू पहिल्या शतकातला, पँटेनस दुसऱ्या शतकाच्या शेवटी, युसेबिअस चौथ्या शतकात. युसेबिअस स्वतःही ‘असे सांगतात’ या पद्धतीनेच लिहितो. पँटेनसचा शिष्य क्लेमेंट याच्या लेखनात बुद्धाचा उल्लेख आहे, ब्राह्मण आणि श्रमण आहेत. पण त्याच्या उपलब्ध ग्रंथांत गुरूच्या भारतयात्रेबद्दल एक ओळ नाही. गुरू भारतात जाऊन आला असता, तर भारताविषयी एवढे कुतूहल असलेल्या शिष्याने ते लिहिले नसते का? हा प्रश्न टोचतो. तरीही निव्वळ मौनावरून निर्णय देता येत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

भारत म्हणजे कोणता भारत?

खरी अडचण ‘इंडिया’ या शब्दात आहे. ग्रीक आणि लॅटिन लेखक हा शब्द फार सैल वापरत. तांबड्या समुद्राच्या पलीकडे जे काही होते त्याला ते इंडिया म्हणत. आज इथिओपियात असलेल्या अक्सुमच्या राज्यात ख्रिस्ती धर्म कसा पोहोचला हे सांगताना रुफिनस त्या प्रदेशालाही इंडियाच म्हणतो. फिलोस्टॉर्जिअस हा पाचव्या शतकातला इतिहासकार ज्या ‘भारतीयांना’ बार्थोलोम्यूने उपदेश केला असे सांगतो, ते त्याच्या मते पूर्वी सबाई आणि पुढे होमेराइट म्हणवले गेलेले लोक, म्हणजे आजच्या येमेनमधील. तिथे यहुदी वस्ती होती, त्यामुळे हिब्रू लिपीतील ग्रंथही तिथे चांगला बसतो.

म्हणजे ‘इंडिया’ सापडले म्हणून नकाशावर लगेच मुंबईजवळ टाचणी टोचता येत नाही. त्यासाठी वेगळा पुरावा हवा. तो कल्याणच्या नावातच आहे, असे विसाव्या शतकातील काही अभ्यासकांना वाटले.

एका नावावर उभा राहिलेला तर्क

जेझुइट अभ्यासक फादर ए. सी. पेरुमालिल यांनी १९५२ साली प्रेषितांच्या भारतातील कार्यावर पुस्तक लिहिले. कदंब कुळाचा इतिहास लिहिणारे जॉर्ज मोराइस यांनीही १९६४ मधील आपल्या ग्रंथात कोकणाची बाजू उचलून धरली. या मांडणीचा गाभा असा : उत्तरकालीन ग्रीक याद्यांत बार्थोलोम्यूने ‘सुखी म्हणवल्या जाणाऱ्या भारतीयांना’ उपदेश केला, असे वाक्य येते. ग्रीक ‘यूदायमोन’, लॅटिन ‘फेलिक्स’, म्हणजे सुखी, भाग्यवान, मंगल. संस्कृतात याच अर्थाचा शब्द कोणता? कल्याण. तेव्हा ‘सुखी भारत’ म्हणजे कल्याणच्या भोवतालचा मुलूख.

तर्क सुरेख आहे. मराठी माणसाला तर तो लगेच पटतो, कारण ‘कल्याण’ हा शब्द आपल्या रोजच्या आशीर्वादात आहे. पण त्याची कसोटी घेणारा ग्रंथ आपल्याजवळ आहे, आणि तो त्याच पहिल्या शतकातला आहे. ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखली जाणारी तांबड्या समुद्राची प्रवासवही एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिली. तिच्या ५२ व्या कलमात भडोचच्या दक्षिणेची बंदरे येतात : सुप्पारा म्हणजे सोपारा, आणि कल्लिएना म्हणजे कल्याण. लेखक या नावाचे भाषांतर करत नाही. जसे कानावर पडले तसे लिहितो. त्याच ग्रंथाच्या २६ व्या कलमात मात्र एक बंदर खरोखर ‘यूदायमोन’ नावाचे आहे : यूदायमोन अरेबिया, म्हणजे आजचे एडन. भूमध्य समुद्राकडच्या खलाशाला ‘सुखी’ हे विशेषण कुठले ठिकाण आठवून देत होते, हे यावरून दिसते. येमेनचाच मुलूख रोमन लोक ‘अरेबिया फेलिक्स’ म्हणत. शिवाय त्या ग्रीक याद्यांतली बार्थोलोम्यूची नोंद त्याचा शेवट आर्मेनियातील अल्बानोपोलिस या गावी करते.

पेरिप्लसचे ५२ वे कलम आणखी एक अवघड गोष्ट सांगते. थोरल्या सारागनसच्या काळात कल्याण हे रीतसर मान्यता असलेले बंदर होते; सँडनीजच्या ताब्यात गेल्यापासून तिथला व्यापार अडला आहे, आणि चुकून तिथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्याखाली भडोचला नेली जातात. सारागनस हा बहुधा सातकर्णी. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्यात बंदरे अशी भरडली गेली होती. म्हणजे ज्या दशकांत बार्थोलोम्यू यायला हवा, त्याच दशकांत कल्याणात उतरणे कठीण होते. अर्थात भडोचला उतरून कुणी चालत येऊ शकतो. पण मग ‘बंदर होते म्हणून प्रेषित आला’ हा मूळ मुद्दा लंगडा पडतो.

येणे-जाणे होते याबद्दल मात्र शंका नको. कार्ले आणि जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे लेख आहेत, कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत रोमन सागरदेवतेची कांस्यमूर्ती मिळाली. वाट होती. त्या वाटेने एक विशिष्ट माणूस आला, हे सिद्ध करायला निराळी साक्ष लागते.

उत्खननात पहिल्या शतकातले काही ख्रिस्ती सापडले नाही, हा आक्षेप मात्र मी फार जड मानत नाही. त्या काळातले ओळखू येईल असे ख्रिस्ती अवशेष रोमन साम्राज्यातही जवळजवळ नाहीत. सीरियातील दुरा-युरोपोसचे प्रार्थनाघर हे सर्वांत जुन्यांपैकी एक, आणि तेही तिसऱ्या शतकातले. जे जेरुसलेममध्ये सापडत नाही ते कल्याणच्या खाडीत मागणे बरोबर नाही.

पॉलिमिअस आणि पुळुमावी

पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास बार्थोलोम्यूच्या हौतात्म्याची लॅटिन कथा तयार झाली. तिच्यात तो भारतात येतो. मंदिरातली अष्टारोथ नावाची मूर्ती कौल देणे बंद करते. पॉलिमिअस राजाच्या वेड लागलेल्या मुलीला तो बरे करतो, राजा बाप्तिस्मा घेतो, आणि राजाचा भाऊ आस्ट्रेजेस चिडून प्रेषिताला ठार करवतो.

पेरुमालिल यांनी पॉलिमिअसमध्ये सातवाहन राजा पुळुमावी पाहिला. ही कल्पना पहिल्या वाचनात अंगावर काटा आणते, कारण टॉलेमीच्या भूगोलात पैठणच्या राजाचे नाव खरोखरच ‘सिरो पोलेमायोस’ असे येते, आणि तो म्हणजे वासिष्ठीपुत्र श्री पुळुमावी. ग्रीक कानाला पुळुमावी हे नाव कसे ऐकू येत होते, त्याचा हा प्रत्यक्ष दाखला.

पण नाशिकच्या पांडवलेण्यांत ज्याच्या १९ व्या राज्यवर्षाचा मोठा लेख आहे तो हा पुळुमावी दुसऱ्या शतकातला. पुराणांतील आंध्र राजांच्या याद्यांत आणखी एक पुळुमावी आहे, त्याला धरून काळ जुळवता येतो. पण त्या याद्या एकमेकींशीच जुळत नाहीत. उलट पाँटसचा राजा दुसरा पोलेमॉन हा नेमका पहिल्या शतकातला आणि आर्मेनियाच्या शेजारचा आहे. आस्ट्रेजेस हे नाव मीडियाच्या जुन्या अस्तियागेस राजासारखे वाटते, आणि अष्टारोथ ही पश्चिम आशियातली देवता. कथेतले सामान पश्चिमेकडचे आहे.

इथे विद्यार्थी एक रास्त शंका काढतात. संत थॉमसच्या कथेतला गुंडाफर राजाही काल्पनिकच मानला जात होता. मग १८३० च्या दशकात अफगाणिस्तान-पंजाबात गोंडोफरेसची नाणी मिळाली आणि सगळ्यांना मत बदलावे लागले. तसे इथे का होऊ नये? फरक असा आहे. तख्त-ए-बाहीच्या लेखात वर्ष १०३ आणि राजाचे २६ वे राज्यवर्ष आहे. त्यावरून गोंडोफरेस पहिल्या शतकाच्या पूर्वार्धात येतो, म्हणजे थॉमसच्या काळातच. नाव, काळ आणि प्रदेश ही तिन्ही जुळली. पुळुमावीच्या बाबतीत फक्त नाव जुळते. एका बिंदूतून हव्या तेवढ्या रेषा काढता येतात. आणि गोंडोफरेस खरा निघाला म्हणून थॉमस त्याच्या दरबारी गेला हे आपोआप सिद्ध होत नाही. कथा रचणाऱ्याला त्या राजाचे नाव ठाऊक होते, एवढेच सिद्ध होते.

कथा पुढे कशी वाढते ते पाहण्यासारखे आहे. सहाव्या शतकातला तूरचा ग्रेगरी सांगतो की प्रेषिताची शिशाची शवपेटी समुद्रात टाकली आणि ती तरंगत इटलीजवळच्या लिपारी बेटाला लागली. शिशाचे नाव ऐकून माझे विद्यार्थी हसतात, पण लोखंडाचे जहाज तरंगते तशी पोकळ बंद पेटी तरंगू शकते. आकडेमोड करून बघा. अवघड आहे ते भारतातून किंवा आर्मेनियातून तिथवरचा जलमार्ग शोधणे! नवव्या शतकात अस्थी बेनेव्हेंतोला गेल्या, पुढे सम्राट तिसऱ्या ऑटोने रोमच्या टायबर नदीतील बेटावर या संताच्या नावाचे चर्च वसवले, आणि अस्थी आपल्याकडे आहेत असे दोन्ही शहरे सांगत राहिली.

कॉस्मसचा बिशप

आता प्रेषिताला थोडा वेळ बाजूला ठेवू, म्हणजे कोकणचा खरा पुरावा दिसू लागेल. सहाव्या शतकाच्या मध्यास अलेक्झांड्रियाचा कॉस्मस नावाचा व्यापारी, पुढे संन्यासी झालेला, एक ग्रंथ लिहितो. पृथ्वी सपाट असून विश्व पेटीसारखे आहे, असे त्याचे ठाम मत. त्यामुळे भूगोलशास्त्रज्ञ म्हणून त्याची चेष्टा होते. पण बंदरे, माल आणि माणसे याबाबत तो व्यापाऱ्याच्या सावधपणाने बोलतो. तो नोंदवतो की ताप्रोबेन म्हणजे श्रीलंकेत ख्रिस्ती आहेत, मिरी पिकते त्या माले देशात आहेत, आणि कल्लियाना इथे पर्शियातून नेमलेला बिशपही आहे.

हे कल्लियाना म्हणजे केरळचे कोल्लम, असे काहींचे म्हणणे आहे. पण कॉस्मसच बंदरांची यादी उत्तरेकडून देतो : सिंधू, ओर्होथा, कल्लियाना, सिबोर, आणि त्यानंतर मालेची पाच मिरीबंदरे. ओर्होथा सौराष्ट्राकडचे, सिबोर बहुधा चौल. या क्रमात कल्लियाना कोकणातच बसते. ते मालेच्या आधी आणि मालेहून वेगळे आहे. मला हा युक्तिवाद निर्णायक वाटतो.

म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या सुमारे साडेनऊशे वर्षे आधी कल्याणात बिशप नेमण्याइतका ख्रिस्ती समाज होता. तो पर्शियन चर्चशी जोडलेला होता, समुद्रव्यापारावर जगत होता. ही गोष्ट बार्थोलोम्यूच्या आख्यायिकेपेक्षा कितीतरी भक्कम आहे, आणि तरी ती फारशी कुणाला माहीत नाही. माझी तक्रार इथे आहे. समाजाने आपले जुनेपण सांगण्यासाठी सर्वांत कच्ची खुंटी निवडली, आणि ती हलवून दाखवली की पक्का पुरावाही सोबत नाकारला जातो. १८ डिसेंबर १९५५ रोजी नवी दिल्लीतील संत थॉमस दिनाच्या समारंभात राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी सांगितले होते की युरोपातील अनेक देश ख्रिस्ती होण्याआधीच थॉमस भारतात आला. त्यांचा रोख ख्रिस्ती धर्म या देशाला परका नाही, याकडे होता. कोकणापुरते तेच म्हणायला कॉस्मसचे एक वाक्य पुरेसे आहे. आणि खरे तर कुणाचे नागरिकत्व शतके मोजून ठरत नाही. वसईचा जो शेतकरी १५३४ नंतर ख्रिस्ती झाला, त्याची जमीन आणि बोली आधीपासून इथलीच होती.

ठाण्यातील पंधरा घरे

कॉस्मसनंतर कोकणच्या या ख्रिस्ती समाजाची पुन्हा स्पष्ट गाठ पडते ती १३२१ मध्ये. चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन धर्मप्रसारक ठाण्याला उतरले आणि एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबात राहिले. त्या घरातल्या नवरा-बायकोच्या भांडणाचा खटला काझीपुढे गेला, साक्षीसाठी पाहुण्यांना बोलावले गेले, तिथे धर्मावर वाद पेटला आणि चौघेही मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डानस तेव्हा भडोचच्या बाजूला होता. त्याने परत येऊन सोपाऱ्यात त्यांचे दफन केले. थोड्याच वर्षांत ओडोरिक नावाचा प्रवासी आला आणि त्यांच्या अस्थी उकरून चीनला घेऊन गेला. त्याच्या वृत्तांतानुसार ठाण्यात नेस्टोरियनांची पंधरा घरे होती, आणि या हत्येबद्दल दिल्लीच्या सुलतानाने तिथल्या मलिकला देहदंड दिला. तेव्हा दिल्लीत गियासुद्दीन तुघलक नुकताच गादीवर आला होता. मेहरौली-बदरपूर रस्त्यावरून जाताना दिसणाऱ्या तुघलकाबादच्या किल्ल्याचे काम त्याच सुमारास सुरू झाले.

जॉर्डानसने आपल्या ग्रंथात या किनाऱ्याचे वर्णन करताना इकडे-तिकडे विखुरलेल्या अशा लोकांची नोंद केली आहे, जे स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात पण ज्यांच्यात बाप्तिस्मा उरलेला नाही. ते थोर संत थॉमसलाच ख्रिस्त समजतात. लॅटिन चर्चच्या शिस्तीत वाढलेल्या जॉर्डानसला हे अज्ञान वाटले. आपल्या दृष्टीने ही नोंद मोलाची आहे, कारण तिच्यात लोकांच्या आठवणीत उरलेले नाव ऐकू येते. ते नाव थॉमसचे आहे. केरळात थॉमसभोवती गाणी, मार्गम कळीसारखे नाच आणि घराण्यांच्या वंशकथा आहेत. कोकणच्या जुन्या नोंदींत बार्थोलोम्यूभोवती तसे काही नाही. त्याचे कल्याणशी नाते पुस्तकांतून जुळले, आणि पुस्तकांतून ते घरांत आले.

पुढच्या तासाला येताना हिंदी महासागराचा कोरा नकाशा आणा. पेरिप्लसची २६ आणि ५२ ही कलमे आणि कॉस्मसची बंदरांची यादी वाचून एडन, भडोच, सोपारा, कल्याण, चौल आणि कोल्लम त्यावर मांडा, आणि नैऋत्य मोसमी वाऱ्यावर एडनहून सुटलेले जहाज यांपैकी कुठे लागेल याचा विचार करून या. भडोचला पहाऱ्याखाली नेलेल्या जहाजांची वाट वेगळ्या रंगाने काढा.